पासवर्डनंतरचे सहा आकडे

लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरत होते, तो वाकून बाहेर येत होता... डोक्यावर डोकं आपटलं.

“दुकान बंद आहे,” तो कपाळ चोळत म्हणाला.

“माझंही सगळं बंद पडलंय,” मी लॅपटॉप छातीशी धरून म्हणाले, आणि डोळे भरूनच आले.

त्याने शटर वर ढकललं, स्टूल पुसून पुढे सरकवलं.

मी हाताने शिवलेल्या वह्या माझ्या वेबसाइटवरून विकते. त्या सकाळी पाहते तर चार वर्षांचे सगळे फोटो गायब! कुणी उडवले, ते मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि वेबसाइटचा पासवर्ड त्या मुलाला तोंडपाठ होता. दादा कानीकपाळी ओरडत होता, “बदल तो!” मी मात्र आज करू, उद्या करू...

“बॅकअप आहे. सगळे फोटो परत येतील,” तासाभराने दुरुस्तीवाला म्हणाला. “पण आता टू-फॅक्टर लावूनच टाकू. पासवर्ड कुणाला कळला, तरी तुमच्या फोनवरचा सहा आकडी कोड लागेल. तो दर तीस सेकंदांनी बदलतो. आधी नवा पासवर्ड टाका.”

“तुम्हीच टाका ना, मी सांगते—”

“सांगू नका!” तो उठून चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “कुणालाच सांगायचा नसतो.”

“तुम्हालाही?”

“मला तर मुळीच नाही. आपली ओळख केवढी? या टेंगळाएवढी!”

कित्येक दिवसांनी मी खळखळून हसले. हसण्यात पहिला कोड निघूनही गेला. दुसरा टाकला... आणि माझ्या वह्या पुन्हा माझ्या झाल्या. फोन हरवला तर लागतील म्हणून त्याने जादा कोड माझ्याकडूनच कागदावर उतरवून घेतले.

पुढच्या पंधरवड्यात माझा लॅपटॉप तीनदा ‘बिघडला’.

तिसऱ्यांदा त्याने तो उघडला, मिटला. “याला काहीच झालेलं नाही.”

“माहितीये.”

त्याचे कान लाल झाले. “मीच फोन करणार होतो... पण नंबर तुम्ही कामासाठी दिला होता. त्यावर भलतंच विचारणं बरं दिसलं नसतं.”

“भलतंच म्हणजे?”

“म्हणजे... तुम्ही मला आवडता.”

मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. “मला पुन्हा कुणावर विश्वास टाकायला वेळ लागेल,” मी हळूच म्हणाले.

“लागू दे. मी इथंच आहे.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. “मग आधी ते अहो-जाहो बंद कर.”

तो गोंधळला, हसला, घसा खाकरला...

“अगं,” तो म्हणाला, “बस ना.”