दोघांनी पाहिलेलं पाणी

दिवा बारीक कर गं, आणि दार लोटून घे. भ्यायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं आणि ऐकायचं. माझ्या सख्ख्या साडूंच्या बाबतीत घडलंय, ऐकीव नाही.

गेल्या वर्षीची अकरा नोव्हेंबर, मंगळवार. साडू एका संशोधन संस्थेत तपासणीला गेले होते. संशोधकांनी जमवलेली माहिती संगणकावर नीट जपली जाते का, पन्नास वर्षांनीही उघडेल का, हे बघून ते एक ते पाच अशी श्रेणी देतात. चार मिळाली की मूळ कागद ठेवायची गरज नाही. इथल्या जुन्या वह्या न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचा ट्रक यायचा होता.

नियम साधा. संगणकातल्या माहितीचे कुठलेही तीन जुने संच निवडायचे, समोर उघडायचे, वह्यांशी ताडून बघायचे. दोन उघडले, अक्षर न् अक्षर जुळलं. तिसरा नदीच्या पाणीपातळीचा, एकतीस वर्षांचा. आता आमचे साडू कामाला वाघ, पण घड्याळ दिसलं की त्यांचं मांजर होतं. शेवटची बस रात्री अकराची.

"शितावरून भाताची परीक्षा," म्हणाले, आणि न उघडताच तिसऱ्या चौकटीत बरोबरची खूण केली.

"बघणार नाही का, साहेब?" वह्या सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बघितल्यासारखंच आहे, ताई."

बाई मागच्या खोल्यांना कुलपं लावायला गेल्या.

साडूंनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, तोच शेजारची खुर्ची सरकली. एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. साडूंना वाटलं, पहारेकरी असतील.

"दोघांनी बघायचं असतं," म्हातारे म्हणाले. "एकानं मोजायचं, दुसऱ्यानं बघायचं. मग दोघांच्या सह्या. एकतीस वर्षं..."

"उद्या बघू, आजोबा."

"उद्या वह्या नसतील."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

साडूंनी संच उघडला. तारखा होत्या. वेळा होत्या. पातळीचा रकाना... रिकामा. खाली गेले. रिकामा. आणखी खाली...

"काका, एकही आकडा नव्हता?"

एकही नाही गं.

साडू वळले. खुर्ची रिकामी. फरशीवर पाणी. दारापासून थेंब नाही. फक्त खुर्चीखाली...

बाई परत आल्या. "कोणाशी बोलत होतात?"

"ते... ओल्या बाह्यांचे आजोबा."

बाईंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. म्हणाल्या, "पाणी मोजणारे. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. नदीतच..."

साडूंनी खूण खोडली. श्रेणी दोन लिहिली. सकाळी ट्रक रिकामा परतला. वह्या वाचल्या, देवाची कृपा. आता दोघं दोघं बसून त्या पुन्हा उतरवून घेताहेत म्हणे.

पण त्या रात्री निघण्याआधी बाईंनी शेवटची वही कपाटातून काढली. कपाटाचं कुलूप साडूंच्या समोर उघडलं. पानावर रकाने... वेळ, पातळी, मोजणारा, पाहणारा. सात वर्षांपूर्वीच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ जास्तीची होती.

अकरा नोव्हेंबर. दहा वाजून चाळीस. पातळीचा आकडा. मोजणाऱ्याची सही तीच, वरच्या हजारो सह्यांसारखी.

आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात... साडूंची.

साडूंनी तिच्यावर बोट ठेवलं.

बोटाला शाई लागली.