कडब्याची आई

एकतीस वर्षं मी सोलापूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, आणि एवढ्या काळात एकाही वर्गणीदाराकडे मी पुस्तक ठणकावून परत मागितलं नाही. स्मरणपत्रं लिहायचो आणि टेबलाच्या खणात ठेवून द्यायचो. माणूस समोर आला की "काही घाई नाही, सावकाश आणा" असंच तोंडातून जायचं. मथुरा, माझी बायको, यावरून मला फार चिडवायची. म्हणायची, "उद्या मला कुणी उचलून नेलं तरी तुम्ही त्याला म्हणाल, सावकाश आणा."

हे आधी सांगितलं, कारण यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, मी आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू परत मागायला घराबाहेर पडलो.

वस्तू म्हणजे मथुरेचं लुगडं. जांभळं इरकली. पदरावर ठिणगी पडून भोक पडलं होतं, ते तिने पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेलं. जांभळा दोरा आणायला मी विसरलो होतो. ती जाऊन आठ महिने झाले होते. घरात कुणी नसलं की मी ट्रंक उघडून त्या लुगड्याचा वास घ्यायचो. मिश्रीचा आणि थोडा कापराचा. या वयात असलं काही करताना कुणी पाहू नये म्हणून कडी लावून घ्यायचो. दहा-पंधरा दिवस ताप येऊन पडून होतो. उठल्यावर ट्रंक उघडली तर ती रिकामी.

"मामंजी, सायकलवर एक माणूस आला होता," सूनबाई म्हणाली. "मयताची जुनी कापडं मागत होता. मंगळवेढ्याच्या वाटेवर, सीना नदीपलीकडच्या चिंचेच्या बनात वानरांची आईवेगळी पिल्लं सांभाळतात म्हणे, त्यांच्यासाठी. तुम्ही झोपला होता. मी ट्रंकेतलं सगळं बांधून दिलं, आईंचं नावही सांगितलं. चुकलं का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "बरं केलंस."

तीन दिवस मला घास गेला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी मंगळवेढ्याच्या एसटीत बसलो. काय बोलायचं ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं आणि वाटेत चारदा वाचलं.

सीना ओलांडल्यावर कंडक्टरने मला एका चिंचेच्या बनापाशी उतरवलं. दुष्काळ संपून एक पावसाळा झाला होता, तरी रस्त्याकडेची बाभळीची झाडं अजून खरवडलेली दिसत होती. ऊन पांढरं होतं. बनात मात्र गारवा होता आणि शेळ्यांचा वास होता. शेंड्यांवर काळ्या तोंडाची मोठी वानरं शेपट्या सोडून बसली होती. कुंपणाच्या फाटकात चाळिशीचा एक माणूस सायकलची चेन बसवत होता. त्याच्या कानामागे पेन्सिल खोवलेली होती.

"या मास्तर," तो म्हणाला. "पिलू सोडायला आलाय का बघायला?"

"मी मास्तर नाही. ग्रंथपाल होतो."

"तेच की. पुस्तकवालं मास्तर." त्याने आत हाक मारली, "भाभी, पावनं आल्यात!"

हा कुंडलिक. आणि ही जागा जिची, ती सरदारबी. पन्नाशीची, उंच, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेली. तिने मला बाजेवर बसवून पाणी दिलं. चिठ्ठी माझ्या मुठीत भिजत होती. मी एवढंच म्हणालो, "पिल्लं बघायची होती."

"मग या की. दुधाची येळ झालीच हाय."

बनाच्या मध्यावर पत्र्याची एक लांब शेड होती, तीन बाजूंनी उघडी. आडव्या वाशाला दोरीने कडब्याच्या पेंढ्या टांगल्या होत्या, माणसाच्या धडाएवढ्या. प्रत्येक पेंढीला जुनं कापड गुंडाळलेलं होतं. कुठे धोतर, कुठे लुगडं, कुठे एक परकर. आणि प्रत्येक कापडाला एक पिल्लू बिलगलेलं होतं. अंगावर काळसर मऊ लव, चेहरा आणि कान गुलाबी. पेंढीच्या दोरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर पेन्सिलने एकेक नाव. येडू. गोजरबाई. भीमा.

सात पिल्लं होती आणि आवाज कसलाच नव्हता.

"ही नावं पिल्लांची?" मी विचारलं.

"न्हाय, कापडाची," कुंडलिक म्हणाला. "ज्याचं कापड, त्येचं नाव. इसरू नये म्हनून."

"पेन्सिल कानावर खोवली की ह्यो मुन्शी झाला," सरदारबी म्हणाली. तिने एका पिल्लाच्या तोंडाशी शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा धरला. पिल्लाने एक मूठ कापडावरून सोडली आणि बोळा पकडला. दुसरी सोडली नाही. दूध संपल्याबरोबर ती मूठ परत कापडावर गेली.

वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं, की आईवेगळं माकडाचं पिल्लू दुधापेक्षाही मऊ कापडाला जास्त धरून राहतं. तेव्हा यात मला नवल वाटलं नाही. मी तिला एवढंच विचारलं, की मग मयताचंच कापड कशाला?

"दुसरं धरत न्हाईत. नवं टाकून बघितलं, घोंगडं टाकून बघितलं, माजी सोताची चोळी टाकली. जित्या मानसाचं कापड धरत न्हाईत. तिसऱ्या दिशी मरत्यात."

"असं का?"

"मला काय म्हाईत? मी वांदर हाय व्हय?"

कुंडलिक हसला. मीही हसलो. मग तो सांगू लागला की वर्षाने पिल्लू आपण होऊन कापड सोडतं आणि झाडावर जातं. "मग ते कापड आमी नदीला देतो. पर हातात घ्याय जावं तर ऱ्हायलेलं नसतंय. पिटावानी गळतंय."

शेवटची पेंढी मी लांबूनच ओळखली. पांढऱ्या दोऱ्याचं रफू वरच्या अंगाला आलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, मथुराबाई.

त्यावरचं पिल्लू सगळ्यांत लहान होतं. दोन्ही मुठींत इरकली काठ आवळून, डोळे मिटून होतं. मी जवळ गेलो. मिश्रीचा वास आला. वाटलं, उगाच आलो. हे जिवंत पोर, आणि मला वास पाहिजे. मी मुठीतली चिठ्ठी खिशात ठेवली, आणि निघण्यापूर्वी एकदा हात लावावा म्हणून पेंढीच्या मागच्या अंगाला तळवा टेकवला.

कापड उबदार होतं. पिल्लू पुढच्या बाजूला होतं.

आत कडबा हलत होता. मला वाटलं, वारा. मी वर पाहिलं. चिंचेचं पान हलत नव्हतं. पेंढी हळूच फुगायची आणि बसायची, फुगायची आणि बसायची.

मथुरेला दमा होता. श्वास आत घेताना ती मध्येच एकदा थांबायची, पायरीवर थांबावं तशी, आणि मग उरलेला घ्यायची. बेचाळीस वर्षं मी ते शेजारी पडून ऐकलं होतं.

पेंढी फुगताना मध्येच थांबली. मग उरलेली फुगली.

मी हात काढला नाही. मला भास होतात असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझा स्वतःवर फारसा भरवसा नाही. पण त्या क्षणी मला ते लुगडं वासासाठी नको होतं. तिला तिथे टांगलेलं ठेवून मी घरी जाणार नव्हतो.

"हे लुगडं मला परत पाहिजे," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. सरदारबीने बोळा वाटीत ठेवला.

"तुमच्या घरचं हाय?"

"माझ्या बायकोचं."

"दिलेलं कापड परत न्हेत न्हाईत, मास्तर. त्येचा पार जीव हाय त्येच्यावर. काढलं तर मरंल की."

"दुसरं द्या त्याला. पण हे मी नेणार."

"दुसरं कुटलं देऊ? समदी अडकल्याती. एक ऱ्हायलाय, त्यो कोट. त्येचा उपेग न्हाय. तीनदा टाकला, कुणी शिवलं न्हाय." ती कुंडलिककडे वळली. "तुला म्हनलं हुतं का न्हाय, जित्याचं कापड आनलंस म्हनून?"

कोपऱ्यात खुंटीला एक तपकिरी लोकरी कोट होता. डाव्या खिशाखाली शाईचा डाग. एकतीस वर्षं त्या खिशात मी वर्गणीदारांची कार्डं ठेवली होती. निवृत्तीनंतर तो त्याच ट्रंकेच्या तळाशी पडून होता; घरातून गेल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हा माझा आहे," मी म्हणालो.

"मग झालंच," सरदारबी म्हणाली. "धनी समूर हुबा हाय. पिलू कशाला धरंल?"

"धरून पाहू द्या. नाहीच धरला, तर मी लुगडं इथे ठेवून जाईन. माझा शब्द."

हे मी का म्हणालो, मला सांगता येत नाही. कुंडलिकने कडब्याची नवी पेंढी आणली. कोट तिच्यावर मीच चढवला आणि बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, सवयीने. सरदारबीने पिल्लाची बोटं एकेक करून सोडवली. ते किंचाळलं. त्यासरशी बाकीच्या सहाही पिल्लांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. शेंड्यांवरची मोठी वानरं एक फांदी खाली आली.

मी लुगडं उकललं आणि बगलेत घेतलं.

तिने पिल्लू कोटावर ठेवलं. त्याने तोंड फिरवलं. परत ठेवलं, परत फिरवलं.

"बगा," ती म्हणाली. "सांगितलं हुतं की."

पिल्लाने डाव्या खिशाचा वास घेतला.

मग एक मूठ धरली. मग दुसरी. त्याने गाल कोटाला लावला आणि डोळे मिटले.



कुंडलिकचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"काढा त्यो," सरदारबी हळू म्हणाली. "मास्तर, काढा त्यो कोट. लुगडं परत टाका. आजून येळ हाय."

"तुम्हीच म्हणालात, काढलं तर मरेल."

"आमच्या मालकांचा सदरा आसाच धरला हुता. पयलं पिलू त्येंनीच आनलं, ट्रकखाली आलेल्या वानरीचं. त्येंचा सदरा दोन दिस शिवलं न्हाय. तिसऱ्या दिशी सकाळी धरला. मालक तवा हितंच, चुलीम्होरं चा पीत बसलं हुतं."

"मग?"

तिने पदर पुढे ओढला. "वरसानं सदरा पिटावानी गळला," ती म्हणाली. "मालकबी."

मी कोटाकडे पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांच्या मध्ये कापड किंचित वर येत होतं आणि खाली जात होतं. उन्हाने डोळे दिपले असतील म्हणून मी दोनदा मिटून उघडले. मग मी श्वास रोखून धरला.

कोटही थांबला.

मी श्वास सोडला.

"लुगडं मी नेतो," मी म्हणालो. "कोट असू द्या." आणि फाटकाकडे चालू लागलो. 

त्याला आज एकोणीस दिवस झाले. लुगडं ट्रंकेत आहे. मी रोज त्याला हात लावून पाहतो. ते गार असतं आणि हलत नाही. वास अजून आहे.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि वयाच्या मानाने हृदय उत्तम आहे म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. डाव्या बाजूला, कोटाचा खिसा यायचा तिथे, मला दोन लहान मुठी जाणवतात. दुखत नाही. फक्त धरलेलं असतं. हे मनाचे खेळ आहेत असं मी रोज सकाळी स्वतःला समजावतो, आणि काल सदरा काढून आरशातही पाहिलं. कातडीवर काही नव्हतं. कातडी जरा सैल वाटली, हाताला कोरडी लागली, पण या वयात ती तशी होतेच.

सूनबाईला कोटाचं कळलं तेव्हा ती रडवेली झाली. "मामंजी, मी उद्याच जाऊन कोट परत मागते. चुकून दिला म्हणून सांगते. तुम्हाला भिडेने मागता येणार नाही."

"तू जायचं नाहीस," मी म्हणालो. इतक्या जोरात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती दारातच थबकली.

यात भिडेचा प्रश्न नाही. कोट काढला तर ते पिल्लू दुसरं कापड मागेल. त्याने याआधी धरलेलं कापड एकच आहे आणि ते माझ्या ट्रंकेत आहे. मथुरेने हे पंधरा दिवस सोसलं, दम्यासकट, आणि मी घरात ताप घेऊन पडलो होतो. आता तिच्याकडे कुणी मागायला जाणार नाही. ट्रंकेची किल्ली मी जानव्यासारखी गळ्यात बांधली आहे.

दिवस नेमाने चालले आहेत. सकाळी सातला आणि दुपारी चारला एक मूठ सुटते. दूध पिऊन होईपर्यंत सुटलेली असते. मग ती परत येते आणि धरते, आदल्या दिवसापेक्षा जरा घट्ट.