उत्तर बुरुजावरचा किल्लेदार

आज ज्या मुलखाला बेलारूस म्हणतात, त्या मुलखात, पाइन आणि भूर्जवृक्षांच्या अरण्याने तिन्ही अंगांनी वेढलेल्या एका सरोवराच्या काठी, वोझेरस्क नावाचे लहानसे शहर टेकडीच्या खांद्यावर वसले होते. टेकडीच्या माथ्यावर तांबड्या विटांचा किल्ला होता. किल्ल्याखाली बाजारचौक, चौकापलीकडे ओंडक्यांनी बांधलेले काळपट चर्च, आणि अगदी खाली, पाणचक्कीच्या शेजारी, लाकडी मनोऱ्याची एक बुटकी मशीद होती. फार पूर्वी या राज्याच्या चाकरीत आलेले तातार घोडेस्वार तिथेच घरे करून राहिले होते आणि वोझेरस्कच्या मातीला आपली माती म्हणत होते.

त्या दिवशी पहाट फुटली तेव्हा धुके तटाच्या पायथ्याशी येऊन थबकले होते आणि धुक्यापलीकडे शत्रूच्या छावणीतल्या शेकोट्या विझत चालल्या होत्या. पूर्वेकडून आलेल्या त्या फौजेने शहराला वेढा घातल्याला दोन महिने उलटून गेले होते. तटावरच्या पहारेकऱ्यांनी नित्याप्रमाणे उत्तर बुरुजाकडे माना वळवल्या. लांडग्याच्या कातड्याचा झगा पांघरलेली, शिरस्त्राण भुवयांपर्यंत ओढलेली, डावा पाय किंचित फरफटत चालणारी ती आकृती बुरुजाच्या कडेला आली, तिने हात उंचावला, आणि शिबंदीतल्या उपाशी माणसांच्या तोंडून आपोआप निघाले, "किल्लेदार जागे आहेत!"

किल्लेदार यारोश जागे नव्हते. महिन्यापूर्वी गोळीच्या जखमेने त्यांचा अंत झाला होता, आणि किल्ल्यातल्या छोट्या चर्चच्या फरशीखाली, त्यांच्या आवडत्या निळ्या अंगरख्यात, ते कायमचे निजले होते. बुरुजाचा अंधारा जिना उतरून जी व्यक्ती खाली आली, जिने शिरस्त्राण काढून घामाने चिकटलेले केस मागे सारले, ती त्यांची पत्नी उल्याना होती. हे गुपित तिच्याखेरीज तिघांनाच ठाऊक होते. एक म्हातारे पाद्री, दुसरा तातार स्वारांचा सरदार याकूब, आणि तिसरा किल्लेदारांचा नायब कांद्रात, ज्याने स्वतःच्या हातांनी त्या खड्ड्यात माती लोटली होती.

दिवस वर आला तसा शत्रूकडून निरोप आला. सेनापतीच्या वतीने बोलणी करणारा हेजीब अफानासी पांढरे निशाण घेऊन शहरात येणार होता. किल्लेदार मरण पावल्याची कुणकुण सेनापतीला लागली होती. खरे असेल, तर बिनधन्याच्या शहरावर त्याच संध्याकाळी सुलतानढवा करायचा. खोटे असेल, तर तटाखालची दलदल गोठण्याची वाट न पाहता वेढा उठवून पुढे निघायचे. त्याच्या घोड्यांना आता वैरण उरली नव्हती.

"अफानासीने धन्यांना पाहिलेले आहे," याकूब म्हणाला. "मागच्या तहाच्या वेळी एका मेजावर जेवलेत ते. बाईसाहेब, पहारेकऱ्यांना लांबून फसवणं वेगळं. हा माणूस चाल ओळखेल."

"म्हणूनच मी त्याच्यासोबत खाली राहणार. मी त्याच्या डोळ्यांसमोर असले, तर बुरुजावर मी आहे असा संशय त्याला येणार नाही." उल्यानाने झगा काढून त्याच्या हातांवर ठेवला. "बुरुजावर तू जायचंस, याकूब. लंगडणं जमेल?"

"त्यांच्या मागे वीस वर्षं चाललोय मी," याकूबने मान लववली. "त्यांचं मीठ खाल्लंय. त्यांच्या चालीनं चालायला मला शिकावं लागणार नाही."

तिसऱ्या प्रहरी दरवाजाची दिंडी उघडली. अफानासी पिकल्या दाढीचा, थोराड बांध्याचा, संथ बोलणारा माणूस होता. उल्यानाने भाकरी आणि मीठ पुढे करून रिवाजाप्रमाणे त्याचे स्वागत केले.

"किल्लेदारांनी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"त्यांनी शपथ वाहिली आहे, हेजीबसाहेब. वेढा उठेपर्यंत शत्रूशी एका जमिनीवर उभं राहायचं नाही. उत्तर बुरुजावरून ते आपल्याला मुजरा करतील. तोवर आमचं शहर पाहावं."

त्याने शहर पाहिले. बाजारचौकात विकायला काहीच नव्हते, तरी बायका दुकानांच्या पायऱ्यांवर ताठ बसून होत्या. ओंडक्यांच्या चर्चमध्ये मेणबत्त्या संपल्याने चरबीचे दिवे जळत होते. पाणचक्कीचे चाक थांबलेले होते. मशिदीच्या दाराशी दोन म्हातारे तातार तलवारींना धार लावत होते आणि त्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. अफानासी प्रत्येक ठिकाणी थांबे, पाही, आणि पुढे चाले. नायब कांद्रात त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत होता, आणि उल्यानाच्या ध्यानात आले की तो वाट दाखवत नाही, तर ओढत नेत आहे.

तो त्यांना किल्ल्यातल्या छोट्या चर्चपाशी घेऊन आला. तिथे पोचताच त्याने दार ढकलले आणि आतल्या फरशीकडे बोट केले.

"हेजीबसाहेब, ती कोपऱ्यातली फरशी नवी आहे. उचलून पाहा. किल्लेदार तुम्हांला तिथे भेटतील."

म्हातारे पाद्री भिंतीला टेकले. उल्यानाने नजर खाली घातली नाही. ज्या हातांनी धन्याला मूठमाती दिली होती, त्याच हातांनी तो त्याचे शहर विकत होता.

"खुशाल उचला," ती म्हणाली. "आमच्या चर्चच्या फरशीखाली आमचेच मेलेले सापडतील, वेढ्यात ते कमी झालेले नाहीत. पण मेलेल्याला हुडकण्याआधी जिवंत माणसाचा मुजरा घ्यावा. ते वाट पाहत असतील."

अफानासीने क्षणभर दोघांकडे पाहिले, आणि तो अंगणात आला.

कांद्रात मागे राहिला नाही. तो हसत बाहेर आला, कारण त्याने आपली बाजू बांधून ठेवली होती. उत्तर बुरुजावरचे पहारेकरी त्याने सकाळीच हलवले होते, जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप घातले होते, आणि किल्ली त्याच्या कमरेला होती. उल्यानाला यातले काहीही माहीत नव्हते. सरोवरावरचे धुके पुन्हा वर चढत होते. तिच्या मनात एवढेच होते की याकूब फार पुढे न येवो आणि त्याचे शिरस्त्राण भुवयांवरून मागे न सरो. तिने हात करून बुरूज दाखवला आणि आपण मात्र वर पाहिले नाही. ती पाहत होती अफानासीच्या चेहऱ्याकडे, कारण सगळ्या शहराचे मरण-जगणे आता त्या चेहऱ्यावर उमटणार होते.

प्रथम त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या विरल्या. मग त्याने सावकाश आपली टोपी काढली आणि मस्तक लववले.

त्याच क्षणी कांद्रातच्या घशातून एक आवाज निघाला. तो बुरुजाकडे पाहत होता. त्याच्या हाताने कमरेची किल्ली चाचपली, ती आहे याची खात्री केली, आणि तो मागे सरकू लागला. "मी माती लोटली," तो पुटपुटू लागला. "डोळ्यांवर लोटली. तोंडावर लोटली. मी स्वतः..."

"तुमच्या नायबाला वेड लागलं आहे," अफानासी थंडपणे म्हणाला. "फितूर माणसाला बहुधा लागतंच."

दिंडीपाशी निरोप घेताना तो थांबला. म्हणाला, "सेनापतींना मी काय पाहिलं ते सांगेन. पण बाईसाहेब, एक सांगतो, राग नसावा. एवढ्या थंडीत किल्लेदारांना नुसत्या निळ्या अंगरख्यावर बाहेर उभं राहू देऊ नका."

उल्यानाचा हात दिंडीच्या लोखंडी कडीवर होता. तिने ती घट्ट धरून ठेवली.

"आणखी एक," तो पुढे बोलला. "मुजरा त्यांनी मला केला, पण नजर माझ्याकडे नव्हती. सारा वेळ ते आपल्याकडे पाहत होते."

शत्रूचा माणूस समोर उभा होता. ओठ हलला असता, श्वास चुकला असता, तरी सारे संपले असते. तिने मान तुकवली, म्हणाली, "सांगेन त्यांना," आणि दिंडी बंद होऊन अडसर पडेपर्यंत ती तशीच ताठ उभी राहिली. मग ती वळली आणि धावली.

बुरूज रिकामा होता. धुके कंगोऱ्यांवरून आत सांडत होते. खाली जिन्याच्या बंद दाराशी याकूब बसला होता, आणि लांडग्याचा झगा त्याच्या मांडीवर घडी घातलेला होता.

"बाईसाहेब, मला शिक्षा करा," तो म्हणाला. "दार लावलेलं होतं. फोडलं असतं तर आवाज झाला असता. मी वर पोचलोच नाही. किल्ला गेला माझ्यामुळे."

"किल्ला गेलेला नाही," ती म्हणाली.

कांद्रातच्या कमरेची किल्ली आणून तिने स्वतः दार उघडले आणि एकटी वर गेली. वर कोणी नव्हते. सरोवर होते, अरण्य होते, आणि छावणीत तंबूंचे खुंट उपटण्याची धावपळ सुरू झाली होती. अंधार पडेपर्यंत ती तिथे थांबली. तिने त्यांना हाका मारल्या, आधी हळू, मग मोठ्याने. खालच्या पहारेकऱ्यांनी त्या ऐकल्या आणि एकमेकांकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी वेढा उठला. बर्फ पडण्याआधी राज्याची कुमक आली, तेव्हा उल्यानाने भर चौकात किल्लेदारांचा मृत्यू जाहीर केला, आणि सबंध शहराने, एकदाचे, त्यांच्यासाठी रडून घेतले. कांद्रातला तिने फाशी दिली नाही. त्याला सरोवरापलीकडच्या मठात धाडले. तिथे तो उत्तरेकडची खिडकी पांघरुणाने झाकून घेऊन निजत असे, आणि एका वसंतात तसाच मेला.

उल्याना पुष्कळ जगली. शहर पुन्हा उभे राहिले, चक्कीचे चाक फिरू लागले, दूरदूरचे व्यापारी आणि यात्रेकरू मुक्कामाला येऊन चर्च, मशीद आणि तो तांबडा बुरूज पाहू लागले. ती मात्र रोज दुपार कलली की अंगणातल्या त्याच जागी येऊन उभी राही, आणि मान वर करून पाही.

एकदा याकूबने, तोही आता थकला होता, धीर करून विचारले, "किती वर्षं झाली, बाईसाहेब. ते परत दिसायचे नाहीत. कशाला मान दुखवून घेता?"

"ठाऊक आहे मला, याकूब," ती म्हणाली, आणि तिने बुरुजावरची नजर काढली नाही. "एकदाच आले ते. आणि मी परक्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहिले."