मीरासाहेबांची पेटी

लक्ष्मणरावांना त्या दुपारबद्दल विचारलं, की ते आधी चष्मा काढून पुसतात. मग म्हणतात, मला नीट आठवत नाही. सत्तरीतल्या आठवणींवर फार विसंबू नये, मधल्या फटी माणूस आपल्या मनानं लिंपून घेतो. पण वार गुरुवार होता, याबद्दल त्यांना शंका नाही. चाकणच्या कारखान्यांना सुट्टी होती, आणि त्या पट्ट्यात तेवढी शांतता फक्त गुरुवारीच पडते.

साल २०१७. संत तुकाराम नगरच्या बागेत रोज सकाळी बरोबर फिरणाऱ्या सोपानरावांनी त्यांना बुलेटवर मागे बसवून नाणेकरवाडीला नेलं. तिथं सोपानरावांच्या जागेत एक पत्र्याची शेड होती. मीरासाहेब नावाच्या कारागिरांनी त्या शेडमध्ये तीस वर्षं गिअर कापले. ते वारल्यावर त्यांची मुलगी सादिका शेड चालवू लागली. आता एका कंपनीनं तिच्याकडे नव्या गिअरचा नमुना मागितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. नमुना पास झाला तर वर्षभराचं काम, नाही झाला तर शेडला कुलूप.

"प्रत्येक गिअरसाठी मशीनवर वेगळी चाकं चढवावी लागतात, सर," सादिका म्हणाली. "रोजच्या गिअरची मांडणी माझ्या वहीत आहे. हा नवा आहे. अब्बांची सगळी यादी ह्या पेटीत आहे. जवळपासचा एखादा गिअर सापडला, तर मी अंदाज बांधीन. पण अब्बा गेले त्या दिवसापासून पेटी सुरूच होत नाही. तीन वर्षं झाली."

पेटी म्हणजे ऐंशीच्या दशकातला हातात धरून न्यायचा संगणक. शिलाई मशीनच्या पेटीएवढा, वर मूठ, पुढचं झाकण काढलं की तोच कीबोर्ड, आणि आत वीतभर काळा पडदा.

"आवं, आमचं सर पावर सप्लायमदले डाक्टर हायेत," सोपानराव म्हणाले. "चुटकीसरशी व्हईल."

डॉक्टर होते हे खरं. पण कॉलेजात चाळीस वर्षं त्यांनी फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या. प्रयोगशाळेत दुरुस्ती करायचा तो मदतनीस. घरचा मिक्सर बिघडला तरी लक्ष्मणराव तो चिंचवडच्या दुकानात टाकून येत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सादिकानं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. आत उजेड कमी, थंड तेलाचा वास. त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं.

टिक… टिक… टिक.

पडदा काळाच. पेटीतून जुन्या धुळीचा आणि जळक्या मासळीसारखा वास आला.

"बोलतीय की!" सोपानराव म्हणाले.

"बोलत नाही. पॉवर सप्लाय उभा राहू बघतोय आणि पुन्हा पुन्हा खाली बसतोय. बहुतेक. म्हणजे… माझा तसा अंदाज आहे."

"बहुतेक? डाक्टरला भ्या वाटतंय व्हय?"

"वाटतंय," लक्ष्मणराव म्हणाले, आणि खरं बोलल्यावर हात जरा स्थिर झाला.

त्यांनी सोपानरावांच्या बुलेटचा हेडलाइटचा बल्ब मागितला. कुरकुरत का होईना, सोपानरावांनी तो काढून दिला. सप्लायच्या तारा संगणकापासून सोडवून त्यांनी बल्बला जोडल्या आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. टिकटिक बंद. म्हणजे तीन वर्षं ज्याला सगळे दोष देत होते तो पॉवर सप्लाय ठणठणीत होता. पुढं बोर्डावर कुठंतरी शॉर्ट होता, आणि त्यामुळे सप्लाय बिचारा दर वेळी माघार घेत होता.

एवढ्यानंच त्यांना पंचविशीतल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही. बोर्डावर तुरीच्या दाण्याएवढे पिवळे कपॅसिटर होते, पन्नासच्या वर. सगळे एकाच लाइनवर समांतर जोडलेले. त्यामुळे मीटर कुठंही लावा, सगळेच खराब दिसत. एकेक सोडवून तपासायचा तर सकाळ उजाडली असती.

सोपानराव फोनवर बोलत बाहेर गेले. लक्ष्मणरावांनी आधी प्लग काढून शर्टाच्या खिशात घातला, मग तारा पुन्हा जागेवर जोडल्या. विद्यार्थ्यांना त्यांनी लावलेली सवय होती ती. पेटीत हात घालायचा तर प्लग आपल्याच खिशात, म्हणजे मागून येऊन कुणी नकळत लावणार नाही.

मग ते बोट टेकवत एकेक दाणा बघू लागले. फुगलेला, काळवंडलेला… एकही नाही.

टिक.

बोट थांबलं. कान वाजत असतील. या वयात वाजतात.

टिक… टिक…

त्यांनी दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. प्लगच्या तिन्ही पिना कापडावरून बोटांना लागल्या. आवाज मात्र पेटीतूनच येत होता. बोट डावीकडे सरकलं तसा तो मंदावला. उजवीकडे आणलं, जवळजवळ आला. मागच्या रांगेत, फ्लॉपीच्या चपट्या केबलच्या पट्टीआड, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका दाण्यावर बोट गेलं…

टिकटिकटिकटिक. आणि गप्प.

लक्ष्मणरावांनी हळूच वर पाहिलं. सादिका मशीनपाशी उभी होती, नजर पेटीवर. तिनं ओढणी डोक्यावर घेतली.

"कटर दे बेटा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

तो दाणा कापला. मीटर लावला. शॉर्ट गेला होता. खिशातला प्लग काढून त्यांनी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावला आणि बटण दाबलं.

पंखा घरघरला. काळ्या पडद्यात मधोमध एक हिरवा ठिपका उमटला, पसरला, आणि अक्षरं ओळीनं धावू लागली. "आली! आली!" म्हणून लक्ष्मणराव ओरडले. सोपानराव धावत आत आले, आणि चाळीस वर्षं प्राध्यापकी केलेले लक्ष्मणराव त्यांच्या गळ्यात पडले.

सादिका खाली वाकून यादी बघत होती. कंपनीच्या कागदावरचा लांबलचक पार्ट नंबर तिनं एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"सर, जवळपासचा नाही… हाच आहे. हाच नंबर. दात त्रेचाळीस. चाकं कुठली, सगळं. अब्बांनी करून ठेवलंय!"

"म्हंजी कंपनीनं त्यास्नी आदीच दावलं असंल," सोपानराव म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. मशीन सुरू झालं. सकाळी आठला आलेल्या माणसानं गिअर तीनदा मोजला आणि पहिल्याच नमुन्यावर सही केली. शेड चालू राहिली. आता तिथं सहा जण काम करतात. लक्ष्मणरावांनी घरी गेल्या गेल्या मिक्सर उघडला, तोही सुरू केला.

मागच्या वर्षी चिंचवडच्या एका लग्नात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर यशवंतराव बसले होते. त्याच कंपनीच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले. लक्ष्मणरावांनी सहज त्या गिअरचा विषय काढला. नंबर आपल्याला बरोबर आठवतो का, याची खात्री नव्हती म्हणून रात्रीच सादिकाकडून मागवून घेतला आणि त्यांना कळवला. आठवड्यानं यशवंतरावांचा फोन आला. जुन्या सहकाऱ्यानं रजिस्टर काढून पाहिलं होतं. ते ड्रॉइंग जानेवारी २०१७ मध्ये पहिल्यांदा काढलं गेलं, नंबरही तेव्हाच पडला. त्याआधी असा गिअर कंपनीत कुणाच्या डोक्यातही नव्हता.

मीरासाहेब २०१४च्या रमजानमध्ये गेले.