वेशीतली हाक

भुताखेतांना मानणारा माणूस मी नाही. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, ते काय उगाच? पण त्या रविवारचं सांगतो, ऐका.

मेघाला, म्हणजे माझ्या बायकोला, पक्षी दाखवायला पुंडलिकनगरहून नाथसागरावर नेलं होतं. उन्हाळ्यात पाणी बरंच मागे हटलेलं. दलदलीत रोहित पक्षी माना खाली घालून निवांत चरत होते. होडीवाला कडुबा म्हणाला, "साहेब, धरणात गेलेलं आमचं जुनं गाव उघडं पडलंय. तटबंदी, वेस, समदं हाय. बघता का?"

त्यानं होडी वेशीपाशी लावली. आत खूप चिखल, म्हणून वेशीतच आम्ही चपला काढल्या. होडीतून कडुबानं बजावलं, "निघताना वेशीत थांबून बाईंना नावानं हाक मारा. आतून 'ओ' आली की मगच भाईर या. गाव उठलं तव्हा गडबडीत एक बाई आत राहिली... तव्हापासून आम्ही असंच करतो."

मी मेघाकडे बघून डोळा मिचकावला.

तासभर मजेत फिरलो. पडक्या भिंती, फुटकं जातं, शेवाळलेला रांजण. गाळाचा वास तेवढा नाकात बसला. ऊन कललं तसा मी पुढे निघालो. मेघा मागे फोटो काढत होती. येईलच की, हाक कशाला!

मी होडीत बसलो आणि पाठोपाठ ती आली. अनवाणी, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली.

"हाक मारली ना?" कडुबानं विचारलं.

"मारली, मारली," मी ठोकून दिलं.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दमली असेल, असं वाटलं.

सकाळी मी चहाची वाट बघत बसलो होतो. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. तेवढ्यात कडुबाचा फोन आला.

"साहेब, बाईंच्या चपला वेशीतच राहिल्या..."

"राहू दे रे, नव्या घेऊ."

"तसं नाय... मी हितंच उभा हाय. चिखलात बाईंची पावलं आत गेलेली दिसत्यात. भाईर आलेली... नाय."

मला हसू आलं. खरंच आलं. मग लक्षात आलं, घरभर गाळाचा वास येतोय. तेव्हा मात्र मी घाबरलो. फोन कानाला तसाच धरून स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "मेघा?"

भांडी वाजायची थांबली.

आणि फोनमधून, कडुबाच्या पाठीमागून, लांबून उत्तर आलं, "ओ... आले हो!"