आबासाहेब चालायला निघाले

खैरापूरच्या बंद पडलेल्या जकात नाक्यात डॉ. विशाखा घोंगडे यांची प्रयोगशाळा होती. छप्पर गळकं, पण जमीन सपाट होती, आणि विशाखाला जमीनच हवी होती. तिथे बारा फरश्या मांडून तिने त्यांवर शहर अभियंता सोनटक्के यांची स्कूटर उभी केली.

"माझीच का?" सोनटक्के म्हणाले.

"तुम्ही रोज फुटपाथवर लावता म्हणून. बघा आता."

वीस मिनिटं काहीच झालं नाही. सोनटक्क्यांनी दोनदा चहा मागवला. मग स्कूटर, स्टँडवर उभीच्या उभी, भिंतीकडे सरकायला लागली. मिनिटाला एक सेंटिमीटर.

"मोटर कुठं लपवलीय?"

"मोटर नाही. तुमच्या श्वासनळीत धूळ गेली तर ती वर कोण ढकलतं? बारीक रोम. लाखो रोम एका लयीत, एकाच दिशेला हलतात. या रोमफरशीत तसेच रोम आहेत, बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे. वरून माणसं चालतात त्या दाबातून वीज तयार होते आणि फरशीतच साठते."

"म्हणजे मी चाललो तर मलाही ढकलणार."

"नाही. पाऊल उचललं जातं, सायकलचं चाक फिरतं. एकच वजन एकाच जागी वीस मिनिटं न हलता टेकलं, तर तो स्थिरस्पर्श. तेवढ्यालाच रोम जागे होतात. पेरूवालीनं पाव तासानं गाडा हातभर हलवला की मोजणी पुन्हा शून्यापासून."

"आणि बंद कुठून करायची?"

"बटण ठेवलेलंच नाही. बटण असलं की कुणाचा तरी फोन येतो."

सोनटक्क्यांनी चहाचा कप खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं ते असले फोन घेत होते.

खैरापुरात पायी चालण्यावर बंदी नव्हती, फक्त चालायला जागा नव्हती. फुटपाथ होते, पण त्यांवर जीपा, जनरेटर आणि वाढदिवसाचे फ्लेक्स राहत. विशाखाची आई विमलबाई चाळीस वर्षं सरकारी नर्स होती. पाच गावं पायी फिरून तिने पोरांना लसी टोचल्या. दोन वर्षांपूर्वी फुटपाथवरच्या जीपला वळसा घालायला ती रस्त्यावर उतरली, मागून टेम्पोने उडवलं आणि खुबा मोडला. तेव्हापासून ती घरात होती. सातशे मीटरवर तिची मैत्रीण कुलसुम, तिच्याच दवाखान्यातली जुनी सहकारी, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर भांडत.

"रिक्षाने सोडते ना तुला," विशाखा म्हणे.

"मी काय पार्सल आहे? दोन वर्षं पायांचे व्यायाम कशाला केले मग? पायांनीच जाईन. तू रस्ता दे."

नगरपालिकेने स्टेशन रोडवर चारशे मीटरची परवानगी दिली. सहा महिन्यांच्या प्रयोगासाठी. टिकला तरच पुढचा टप्पा, म्हणजे विमलबाईंची गल्ली. अर्धी रुंदी चालणाऱ्यांना, अर्धी सायकलींना. पट्ट्याच्या शेवटी भंगारतळ. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस स्कूटर, सहा मोटारी आणि एक सिमेंटचा मिक्सर तिथे जाऊन पोचले. मालकांनी भराभर फोन फिरवले. फरशी फोन उचलत नाही, हे कळायला त्यांना वेळ लागला. तोवर शाळेच्या पोरी सायकली घेऊन जायला लागल्या होत्या.

सहा मोटारींतल्या चार नगराध्यक्ष जयसिंगराव टेंगले यांच्या हॉटेलातल्या पाहुण्यांच्या होत्या. जयसिंगराव चिडले. फरश्या उघडपणे उखडल्या असत्या तर पोरींच्या आयांनी त्यांना सोडलं नसतं. म्हणून त्यांनी आपल्याकडचा हुकमी उपाय काढला. पुतळा! पुतळा एकदा बसला की तो हलवायची कुणाच्या बापाची हिंमत होत नाही. सोमवारी सकाळी पट्ट्याच्या बरोबर मधोमध त्यांचे वडील कै. आबासाहेब टेंगले हात उंचावून उभे होते. पाया खणला असता तर दोन दिवस गेले असते आणि बोंब झाली असती. म्हणून लोखंडी सांगाड्याचा चौथरा तयारच आणून ठेवला होता. दहा वाजता हार घातला. अकराला वकील न्यायालयातून आदेश घेऊन आले: 'पुढील तारखेपर्यंत सदर पुतळ्यास कोणीही, कोणत्याही प्रकारे स्पर्श, स्थलांतर वा अडथळा करू नये.' तारीख सात महिन्यांनंतरची.

"आता चाला म्हणावं फुटपाथवरून," जयसिंगराव वकिलांना म्हणाले.

दुपारी सोनटक्के धापा टाकत जकात नाक्यात शिरले. "मॅडम, आबासाहेब निघाले!"

चौकात गर्दी जमली होती. पुतळा दीड मीटर पुढे गेला होता. जयसिंगराव ओरडत होते, "कोण ढकलतंय? धरा त्याला!" दोन पोलीस चौथऱ्याखाली वाकून बघत होते.

"हयातभर जीपमधून खाली उतरले नाहीत," पानवाला म्हणाला, "आता सवड झाली."

संध्याकाळी जयसिंगराव स्वतः प्रयोगशाळेत आले. "बाई, वडलांना उचला आणि बाजूला ठेवा."

"हात लावता येत नाही. स्टे आहे. तुमचाच."

"मग पुढच्या फरश्या उखडा."

"तो अडथळा झाला. आदेशात तोही शब्द आहे."

"ढकलणं चालतं मग?"

"ढकलतंय कोण? 'कोणीही' म्हणजे माणूस. फरशीवर खटला भरायचा असेल तर वकिलांना विचारा."

जयसिंगरावांनी घाम पुसला. "असेच चालत राहिले तर पोचतील कुठं?"

"भंगारतळात," सोनटक्के म्हणाले. "चौदा दिवसांत. मिक्सरशेजारी जागा आहे, साहेब."

एवढ्या वर्षांत साहेबांना न आवडणारं वाक्य सोनटक्क्यांनी पहिल्यांदाच पूर्ण केलं होतं.

"तिथं नाही! निवडणूक तोंडावर आलीय. काय वाट्टेल ते करा, पण भंगारात नाही."

"एकच मार्ग आहे," विशाखा म्हणाली. "भंगारतळाच्या अलीकडून वळण देऊन त्यांच्यापुढे फरशी घालत राहायची. दिवसाला साडेचौदा मीटर. तारखेपर्यंत तीन किलोमीटर. तारीख पुढे गेली तर आणखी. त्यापेक्षा गावातून गोल कडंच करून टाकू, फिरत राहतील."

तिने नकाशा पसरला. जयसिंगरावांनी तो न बघताच सही केली. नगरपालिकेत नकाशा कुणीच बघत नाही.

आणि काम सुरू झालं. एका मोरीला तीन वर्षं लावणारा ठेकेदार रोज पंधरा मीटर पट्टा पुरा करायला लागला, कारण मागून साहेबांचे वडील येत होते. आडवे आलेले जनरेटर उचलले गेले, खांब हलले, दुकानांचे ओटे मागे सरले. "आबासाहेब आमच्या गल्लीत कधी येणार?" म्हणून अर्ज यायला लागले. माणसं बघायला चालत यायची, चालतच परत जायची, आणि त्यांच्या पावलांवर फरशी आणखी चार्ज व्हायची. सोनटक्क्यांनी स्कूटर विकून सायकल घेतली.

पाचव्या महिन्यात पट्टा विमलबाईंच्या दारावरून गेला. पलीकडून, कुलसुमच्या दारापासूनही, ठेकेदार फरशी घालत उलटा आला होता. मध्ये फक्त एक भिंत उरली. ती जयसिंगरावांच्या बंगल्याची होती.

"ही जागा माझी आहे!" जयसिंगराव म्हणाले.

सोनटक्क्यांनी मोजणीचा नकाशा उलगडला. "साहेब, भिंत फुटपाथवर आहे. सतरा वर्षं मी गप्प बसलो, ही माझी चूक. आबासाहेब तीन मीटरवर आहेत. म्हणजे पाच तास. भिंतीला टेकले की तो अडथळा, आणि आदेशाचा भंग. आरोपी कोण होईल, ते तुम्हीच बघा."

जयसिंगरावांनी मजुरांना भिंत पाडायला सांगितलं. मजूर जागचे हलले नाहीत. नगराध्यक्षाच्या भिंतीवर हात टाकायचा म्हणजे उद्या आपल्यावर शेकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, आधी तुम्ही हात लावा," मुकादम म्हणाला.

जयसिंगरावांनी वडलांकडे बघितलं. वडील येतच होते. जयसिंगरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि घण उचलला. मजूर मात्र आता मजा बघत उभे राहिले.

तासाभराने काठी टेकत विमलबाई आल्या. मागे विशाखा होती, पण हात धरायचा नाही, अशी तिला सक्त ताकीद होती. विमलबाईंनी सायकलवाल्या दोन पोरींना वाट दिली, आबासाहेबांना मागे टाकलं आणि त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"जयसिंग, जरा हात चालव. कुलसुमनं चहा टाकायला सांगितलाय."

"करतोय ना, मावशी," जयसिंगराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"लहानपणी तुला ट्रिपलची लस मीच टोचली. तेव्हाही असाच सूर लावला होतास."

आणखी दहा-बारा विटा पडल्या. माणूसभर फट झाली. विमलबाईंनी काठी पुढे टाकली, राडारोड्यावरून एक पाय, मग दुसरा पाय पलीकडे घेतला, आणि मागे न बघता कुलसुमच्या गल्लीकडे चालायला लागल्या. विशाखा फटीत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. डोळे पुसायला तिला रुमाल सापडेना.

"बाई, बाजूला व्हा," जयसिंगरावांनी पुन्हा घण उचलला. "आईचं काम झालं तुमच्या. आमच्या वडलांचा चौथरा आठ फूट रुंद आहे."