आत्याबाईंची दुसरी प्रत

सुट्टीचा दिवस होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि ताई स्टुडिओत आल्या होत्या त्या फक्त विसरलेला चष्मा न्यायला. भयकथेला ही वेळ शोभत नाही, हे मलाही कळतं. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, त्याला माझा इलाज नाही.

ताई म्हणजे रेकॉर्डिस्ट. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ती आवाजात साठवायची, असं काम करणारी एक लहानशी संस्था होती. तिथं ताई बावीस वर्षं काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांचे आवाज टिपत होत्या. टिपून झालं की ते साफ करायचे. वाचणाऱ्याचा खोकला, घोट, चुकून आलेलं हसू, सगळं कापून टाकायचं. कान असे तयार, की कुणाला उद्या सर्दी होणार हे त्या आजच सांगत.

चष्मा टेबलावरच होता. तो घेऊन त्या वळल्या आणि त्यांना दिसलं, सर्व्हरच्या खोलीचं दार उघडं आहे.

हे नवल होतं. कारण ती खोली कुलूपरावांची. सर्व्हर सांभाळणारा हा माणूस स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावायचा. चोरायला आत काय असायचं, तर दुधीची भाजी. नाव त्याच्या बायकोनंच ठेवलेलं.

बायको म्हणजे आमच्या वहिनी. संस्थेची सगळ्यात लाडकी वाचक. सतरा वर्षांत त्रेचाळीस पुस्तकं वाचली. आवाज असा, की अनोळखी श्रोते फोन करून विचारायचे, बाई जेवल्या का हो? वाचायला बसण्यापूर्वी त्या मनगटावरचं घड्याळ काढून माइकशेजारच्या फळीवर ठेवत, टिकटिक आत जायला नको म्हणून. शेवटच्या दिवशी ठेवलेलं ते घड्याळ अजून तिथंच होतं. कधीच बंद पडलेलं. ताई रोज त्याच्याभोवतीची धूळ पुसत, पण त्याला हात लावत नसत.

आता थोडं कुलूपरावांच्या धंद्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सर्व्हरमधल्या डिस्कवर माल कसा मांडायचा, कसा जपायचा, याच्या निरनिराळ्या रीती असतात. त्यांना फाइल सिस्टिम म्हणतात. कुठल्या कामाला कुठली रीत, हे ठरवणं हेच कुलूपरावांचं शहाणपण. त्यांनी तीन ठेवल्या होत्या, आणि वहिनींनी तिघींचं बारसं केलं होतं.

पहिला ‘कारकून’. आधी वहीत लिहून ठेवणार, मगच काम करणार. मध्येच वीज गेली तरी वही उघडून जिथं होता तिथून पुढं चालू. सर्व्हरचा रोजचा गाडा त्याच्यावर. दुसऱ्या ‘आत्याबाई’. भयंकर संशयी. प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती दोन डिस्कवर ठेवणार, प्रत्येकीवर खूण करणार, आणि दर महिन्याला एकूण एक वस्तू काढून तपासणार. एक प्रत किडली असेल तर दुसरीवरून जशीच्या तशी नवी करणार. संथ, पण भरवशाच्या. तयार पुस्तकं त्यांच्या पदरात. तिसरा ‘उंडगा’. वही नाही, खूण नाही, पण वाऱ्यासारखा पळणारा. ताईंचं कच्चं रेकॉर्डिंग आधी त्याच्याकडं पडायचं. साफ झालं की कुलूपराव ते स्वतःच्या हातानं आत्याबाईंकडं हलवायचे.

वहिनींचं शेवटचं पुस्तक, त्यातलं शेवटचं प्रकरण. तेव्हा आजारानं त्यांना दोन वाक्यं सलग वाचता येत नव्हती, तरी त्या हट्टानं आल्या. खोलीत तिघंच होते. वहिनी, काचेमागं ताई, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर कुलूपराव. एकतीस मिनिटं लागली. शेवटी वहिनी पाणी प्यायल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं बघून विचारलं, “झालं. घरी जाऊ या?” कुलूपरावांना बोलवेना. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. घरी जायचं नव्हतंच, तिथून थेट दवाखान्यात जायचं होतं.

त्या गडबडीत फाइल उंडग्याकडंच राहिली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, बॅटरीनं दगा दिला. वीज आली तेव्हा फाइलीचं नाव जागेवर होतं आणि आत काही नव्हतं. आकार शून्य.

दवाखान्यात वहिनींनी विचारलं होतं, “शेवटचं प्रकरण नीट ठेवलंस ना रे?”

“आत्याबाईंकडं आहे,” कुलूपराव म्हणाले होते.

चार दिवसांनी त्या गेल्या.

पुढं नवा सर्व्हर आला तेव्हा कुलूपरावांनी उंडग्याला हाकलून दिलं. संस्थेच्या साहेबांनी समजावून पाहिलं, की अहो, कच्च्या मालाला वेग लागतो, चपला कुणी तिजोरीत ठेवतं का? “कच्चं असं काही नसतं साहेब,” एवढंच ते म्हणाले. सगळं आत्याबाईंच्या हवाली केलं. ती रिकामी फाइलसुद्धा. नुसतं नाव.

तर आज कुलूपराव आत खुर्चीत बसले होते. पंख्यांची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. पडद्यावर आत्याबाईंची महिन्याची तपासणी चालू होती. सुट्टीच्या दिवशी श्रोते कमी असतात, म्हणून ती सुट्टीलाच लावत.

“ताई, बरं झालं आलात,” ते मान न वळवता म्हणाले. “एकट्यानं ऐकायचा धीर होत नव्हता.”

मग त्यांनी सांगितलं. नव्या सर्व्हरवरच्या पहिल्याच तपासणीत आत्याबाईंनी कळवलं, की एका फाइलीची दुरुस्ती केली. कुठली, तर ती रिकामी. आता रिकाम्या फाइलीत दुरुस्त करायला असतं काय? दोन्ही डिस्कवर शून्यच. त्यांना वाटलं, यंत्राची चूक. पण फाइल उघडली तर आत चार सेकंद होते. खुर्ची करकरली आणि कुणीतरी श्वास घेतला. पुढच्या महिन्यात दोन मिनिटं झाली. मग सात. मग पंधरा.

ताईंनी खुर्ची ओढून घेतली.

“पण आत्याबाई दुरुस्ती करतात ती दुसऱ्या प्रतीवरून ना?”

“तेच शोधत होतो. दुसरी प्रत कुठाय...” कुलूपरावांनी बोटानं आपल्या कपाळावर टकटक केलं. “मी ऐकलं होतं ना ते. तिथंच बसून. शब्द न् शब्द.”

“मग हे चांगलंच झालं की.”

“नाही हो. त्या प्रत करत नाहीत. नेतात.”

गेल्या महिन्यात म्हणे त्यांच्या लक्षात आलं, की बायको हसायची कशी ते आठवत नाही. त्याआधी तिची चाल गेली होती. आता घरातले फोटो बघितले की बाई ओळखीची वाटते, एवढंच. त्रेचाळीस पुस्तकं लावून बघितली, हसणं एकातही सापडलं नाही.

कुठून सापडणार? सतरा वर्षं ताईंनीच ते कापून फेकलं होतं.

“थांबवा हे. एक बटण तर दाबायचंय.”

“थांबवलं तर उरलंय तेवढं माझ्यापाशी राहील,” ते शांतपणे म्हणाले. “आणि प्रकरण अर्धंच राहील. मी तिला सांगितलंय ताई, आत्याबाईंकडं आहे म्हणून. आयुष्यात तिच्याशी एकदाच खोटं बोललो, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवून गेली...”

पडद्यावर अकरा टक्के उरले होते. ताईंचा हात कीबोर्डकडं गेला. कुलूपरावांनी अडवलं नाही. पण हात मध्येच थांबला, आणि कशानं थांबला ते ताईंनी पुढं कुणालाही सांगितलं नाही. त्यांनाही तो आवाज एकदा ऐकायचा होता.

दहा. सात. तीन. कुलूपराव ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, नाव घोकल्यासारखं. मग पुटपुटणं थांबलं.

तपासणी पूर्ण. एक फाइल दुरुस्त. चूक नाही.

ताईंनी फाइल लावली. वहिनी वाचू लागल्या. दर दोन वाक्यांना तो विराम, त्यात छातीतली घरघर, पानाची सळसळ. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुलूपराव गालावर हात ठेवून ऐकत होते, पाहुण्यांचं गाणं ऐकावं तसे. एकतीस मिनिटांनी पुस्तक संपलं. भांडं टेकवल्याचा आवाज.

“झालं. घरी जाऊ या?”

आणि लगेच एक पुरुषी आवाज. दाटलेला, पण स्पष्ट. “चल.”

दोन माणसांची पावलं. स्टुडिओचं जाड दार उघडून मिटल्याचा धप्प आवाज.

ताई ताठ झाल्या. त्या दिवशी कुलूपराव बोलले नव्हते. त्या काचेमागं होत्या, कानांवर हेडफोन होते. ते बोललेच नव्हते.

“छान वाचतात बाई,” कुलूपराव उठत म्हणाले. “कोण आहेत? आणि ते शेवटी बोलले ते गृहस्थ?”

कुलूपरावांनी थोडी वाट पाहिली, मग ते सौजन्यानं हसले आणि निघून गेले. खोलीला कुलूप न लावता.

पुढच्या तपासणीनंतर ताईंनी एकटीनं फाइल बघितली. तेहतीस मिनिटं झाली होती. दाराच्या धप्प आवाजानंतर आता वाट चालल्याचा आवाज होता, दोघांच्या हळू गप्पा होत्या, आणि मग वहिनी हसल्या. तेच हसू, कापून टाकलेलं. ताईंनी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना त्यांच्या मनात आलं, की कुलूपरावांपाशी तर आता काहीच उरलेलं नाही. मग ही भर पडतेय कुठून? त्या दिवशी खोलीत तिसरं माणूस कोण होतं?

त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. ताई नेहमीप्रमाणं सकाळी स्टुडिओची धूळ पुसत होत्या. माइकशेजारच्या फळीवर एक लहानसं बायकी घड्याळ दिसलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं, दारातल्या पहारेकऱ्याला हाक मारून विचारलं, की कुणाचं राहिलंय रे हे? “वहिनींचं ना ते?” तो म्हणाला.

असेल कुणाचंतरी, असं म्हणत ताईंनी ते हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकायला नेलं, आणि टाकण्यापूर्वी सवयीनं कानाशी धरलं.

चालू होतं.